डाव्या दाराची मूठ

पोलादपूर, जि. कुलाबा
११ जानेवारी १९६३

चि. हैबतीस आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र अंबिकाबाईंनी दोनदा वाचून दाखवलं. पहिल्या वेळी मला हसू आवरेना, म्हणून पुन्हा वाचायला लावलं. एवढा घोडा नातू मुंबईला कामाला लावला, तर तो लिहितो की मी हातभर लांबीची मोटार करतोय! इथे लोक विचारतात, नातू काय करतो. मी तोऱ्यात सांगायचे, कारखान्यात हाय. आता काय सांगू, भातुकली मांडतो?

मग अंबिकाबाईंनी समजावलं की दुकानांच्या काचेत मांडायच्या बाहुल्या नि गाड्या तुमच्याकडे राळेच्या ओततात, आणि उरल्यासुरल्या राळेतून एक गाडी स्वतःसाठी ओतून घे असं मालक तुला म्हणाले. मला राळ ठाऊक ती धुपातली. तुमची दोन डब्यांतून येते, मधासारखी ओतायची नि बघता बघता दगड होते, हे मास्तरीण असून अंबिकाबाईंनाही खरं वाटेना.

बाबाची मोटार करायची म्हणतोस तर ऐक. ती कुठल्या कंपनीची नव्हती. लढाई संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेल्या ट्रकचा सांगाडा, त्याला तोंड मुंबईच्या कुठल्याशा टॅक्सीचं, आणि पाठ महाडच्या सुताराने केलेली सागवानी फळ्यांची. माझ्या भागोजीने एकेक भाग असा निवडला, जशी एखादी चिकट बाई वांगी निवडते. उचलायचा, उलटा करायचा, नाक मुरडून परत ठेवायचा. तोंड काळं, पाठ हिरवी, मागची चाकं पुढच्यांहून जाड. घाटात पावसाचं पाणी आत येतं म्हणून खिडक्या बारक्या ठेवल्या, मांजर तेवढं जाईल एवढ्या. लोक तिला भागोजीची म्हैस म्हणायचे, आणि आंबेनळी घाट चढताना ती आवाजही तसाच काढायची.

तो गेला तेव्हा तू सात वर्षांचा. तुला धड आठवत नाही यात तुझा दोष नाही. विचार काय ते. मला आताशा समोरचं ताट दिसत नाही, पण डोळे मिटले की ती मोटार साफ दिसते.

माया आहेच, ती पत्राविना आटू देऊ नको.

तुझी आजी रंगूबाई
(अंगठा पुसट आला असेल तर दोष शाईचा, माझा नाही.)

शिवडी, मुंबई
२ फेब्रुवारी १९६३

तीर्थस्वरूप आजीस हैबतीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तू सांगितलंस तशी मोटार निघते आहे. पहिली ओतली ती फुगे धरून आंबोळीसारखी जाळीदार झाली, मोडून टाकली. दुसरी चांगली उतरली. फळ्यांच्या रेघा मी साच्यातच कोरल्या होत्या. छप्पर निराळं ओतलं आहे, म्हणजे ते उचललं की आतली बसायची जागा दिसेल.

बाकीचे भाग चोरबाजारातल्या मोडक्या खेळण्यांमधून निवडतोय. दर रविवारी जातो. चाकं एका पत्र्याच्या लॉरीची मिळाली, पण पुढची नि मागची सारखीच निघाली. तू म्हणतेस मागची जाड होती, म्हणून मागच्यांसाठी दुसरी लॉरी फोडली. टॅक्सीचं तोंड एका खेळण्याचं आणलं, ते गालफुगं होतं, कानशीने घासून बसवलं. दिव्यांना विजेरीचे बल्ब लावून पाहिले तर मोटार बेडकासारखी दिसायला लागली. शेवटी काचेचे मणी घेतले. बाबांची निवड तू लिहिलीस ना, ती वाचून मला बरं वाटलं. दुकानदार मलाही कंटाळलेत.

एकच इच्छा आहे. खऱ्या मोटारीचा एखादा तुकडा हिच्यात असावा. नखाएवढा चालेल, मी कापून घासून बसवीन. ते लोखंड गेलं कुठे सगळं? जमलं तर डाव्या बाजूचं काही मिळव. मी तिकडे बसायचो, एवढं मला आठवतं.

आईला विचार असं मात्र लिहू नकोस. बाबा गेल्यावर वर्षाच्या आत पाट लावून ती बिरवाडीला गेली. माझ्याजवळ तिची एकच आठवण उरली आहे, तिने मला थोबाडीत मारली होती. कशासाठी तेही आठवत नाही.

तुझ्या शिव्यासुद्धा पत्रातून पाठवत जा, इथे कोणी देत नाही.

तुझा हैबती

पोलादपूर
२० फेब्रुवारी १९६३

चि. हैबतीस शिव्या व आशीर्वाद, दोन्ही भरपूर. वि. वि.

माणूस घेऊन गेलेलं लोखंड आपल्यात घरात ठेवत नाहीत. म्हणून मी तेव्हा म्हटलं, ज्याला पाहिजे त्याने न्या. आता तुझ्यासाठी काठी टेकत गावभर फिरले. भोंगा गोमाजीच्या चहाच्या हॉटेलात आहे. तो देत नाही. म्हणतो, भोंगा वाजवला की लोकांना गाडी आली वाटतं नि ते धावत येतात, मग चहा पितात. पुढच्या काचेची चौकट बयाबाईच्या खुराड्याला आहे, पण तिथे कोंबडी अंड्यांवर बसलीय, तिने मला चोच मारली. चाकावरचा पत्रा रखमाच्या परसात पाणी तापवायच्या चुलीवर होता, तो उचलला तर हातात गंजाचा भुगा आला. तुझ्या बापाची मोटार अशी गावभर संसार करते आहे, नि माझ्या पदरात भुगा.

तुझ्या मोटारीत बसवायजोगी एकच वस्तू आहे. डाव्या दाराची आतली मूठ, पितळेची. ती आनंदीजवळ आहे. ती जायला निघाली त्या दिवशी पदराच्या टोकाला बांधलेली मी पाहिली होती. पडताना तुटलेली उचलून घेतली असेल, मी विचारलं नाही.

आईबद्दल लिहू नको म्हणालास, तर मी कुठे लिहिते? मी सांगते, लिहितात अंबिकाबाई. आनंदी सव्वीस वर्षांची होती रे. तिने जन्मभर माझी तोंडपट्टी ऐकत बसायचं होतं का? पोर बापाच्या घरचं, हा आपल्यातला रिवाज, म्हणून तुला मागे ठेवावं लागलं. कुशाबा माणूस सरळ आहे, पण त्याच्या घरी जाताना ती वाटेतल्या फणसाखाली किती वेळ बसून राहिली, ते मी पाहिलंय.

आता तिच्या पोटात गाठ आहे. महाडचे डॉक्टर मुंबईला न्या म्हणाले, ती जात नाही. मूठ तूच माग. नाही म्हणाली तर माझं नाव बदलून ठेव.

डोक्यावरचा राग थोडा खाली उतरव, माझा हात तिथेच ठेवायचा आहे.

तुझी आजी रंगूबाई

शिवडी, मुंबई
१० मार्च १९६३

तीर्थस्वरूप आजीस साष्टांग नमस्कार. वि. वि.

आईला पत्र टाकलं. किती कागद फाडले विचारू नकोस. वर काय लिहावं इथेच अडत होतो. शेवटी फक्त ‘आईस’ असं लिहिलं. तब्येतीचं विचारलं आणि मूठ मागितली. लिहिलं की टपालाने पाठवू नको, मी स्वतः न्यायला येतो, दोन दिवस राहीन.

आजी, तुला म्हणून सांगतो. हे मागणं मोटारीसाठी राहिलेलं नाही. तिने ती मूठ इतकी वर्षं जपली असेल तर बाबा तिच्या मनातून गेले नव्हते, आणि मीही नव्हतो. ती देईल तर मी जाईन. नाही म्हणाली तर मी तिचा कोण ते कळेल, मग पुन्हा तिच्या दारात पाऊल टाकणार नाही. तूही आग्रह करू नकोस.

मोटार रंगवून झाली. दारं अंगाबरोबरच ओतली आहेत, ती उघडत नाहीत, पण डाव्या दाराला आतून मुठीसाठी भोक पाडून ठेवलं आहे. बाकी सगळं बसलं, तेवढंच रिकामं आहे.

तुझा अंगठा मागच्या पत्रावर छान उमटला होता. असाच येत राहो.

तुझा हैबती

बिरवाडी
१८ मार्च १९६३

तीर्थस्वरूप आत्याबाईंच्या पायांशी आनंदीचा नमस्कार. वि. वि.

प्रौढांच्या वर्गात शिकलेली अक्षरं आहेत, वाकडी असतील. पण हे दुसऱ्याकडून लिहवून घेण्यासारखं नाही. तिकडे अंबिकाबाई वाचतील. त्यांनी पोटात ठेवावं.

हैबतीचं पत्र आलं. वर ‘आईस’ लिहिलंय. दिवसभर तेवढंच वाचते. मूठ माझ्याजवळ आहे. ती त्याला देता येत नाही.

तुम्हाला वाटतं मी ती पडलेल्या मोटारीतून उचलली. तसं नाही. ती त्याआधीच घरात होती. त्या उन्हाळ्यात हैबतीचे बाबा त्याला घेऊन घाट चढत होते. वळणावर पोराने खेळता खेळता मूठ फिरवली आणि दार उघडलं. यांनी सदऱ्याला धरून आत ओढला म्हणून वाचला. त्याच संध्याकाळी स्क्रू काढून आतली मूठ माझ्या हातात दिली. म्हणाले, पोर मोठं होईस्तोवर जपून ठेव, डावं दार आता बाहेरूनच उघडू. तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही त्याला पुन्हा मोटारीत बसू दिलं नसतं.

श्रावणात मोटार ओढ्यात पडली ती उजव्या अंगावर. उजवं दार दगडांखाली गेलं, पुढची काच दगडांनी अडवली, खिडक्यांतून तर माणूस निघणारच नव्हता. वर राहिलं ते डावं. लोक म्हणाले, पडता क्षणी प्राण गेला. आत्याबाई, मी ते दार आतून पाहिलं. मुठीच्या रिकाम्या जागेभोवती फळीवर नखांचे ओरखडे होते. पाणी चढेपर्यंत ते जिवंत होते.

सगळ्यांना वाटलं मूठ पडताना तुटली. मी तसं वाटू दिलं. पुढे एकदा हैबतीने विचारलं, माझ्या दाराची मूठ बाबांनी परत बसवली होती का गं. मी त्याला थोबाडीत मारली. त्याने पुन्हा कधी विचारलं नाही, आणि तो ते सगळं विसरला. मला तेच हवं होतं. पण मूठ फेकवेना, आणि तुमच्या घरात ठेवली तर एखादे दिवशी त्याच्या हाती लागली असती. पाटाचं निघालं तेव्हा ती घेऊन निघाले.

आता तो कारागीर झालाय. ती तुटलेली नाही, नीट उतरवून ठेवलेली आहे, हे त्याला हातात घेताच कळेल. मग त्याला सगळं आठवेल. बाबांनी माझ्यासाठी दार बंद केलं, हे घेऊन तो जन्मभर कसा जगेल?

तो रागावून आला नाही तरी मी सोशीन. तो येण्याची मात्र फार आशा होती. तुम्हाला काही सुचलं तर करा. नाही सुचलं तर गप्प राहा.

मला तुमचीच म्हणत राहा, एवढंच मागते.

आनंदी

पोलादपूर
२५ मार्च १९६३

चि. हैबतीस आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

उत्तराला चार दिवस उशीर झाला. उन्हाने अन्न जात नव्हतं, आता बरी आहे.

तुझ्या आईचं मला कळलं. तू माझं नाव बदलायला टपून बसला असशील, पण थांब. ती नाही म्हणालेली नाही. मूठच राहिली नाही. पाचसहा वर्षांमागे कुशाबाने फुटकी पितळी भांडी महाडच्या तांबटाकडे मोडीत घातली, त्यात तीही गेली. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक. ती दोन दिवस जेवली नव्हती म्हणे. तुला हे लिहायला तिचा हात उठेना, म्हणून मला कळवलं. तिने ती जपली होती, हे तुला हवं होतं ना? ते खरं आहे. ते अगदी खरं आहे रे.

तेव्हा ते भोक रिकामं ठेवू नको. तुझ्या चोरबाजारच्या डब्यातून एखादी चांगली मूठ निवड. निवडताना बापासारखा नाक मुरड, पण निवड. दोन्ही दारांना आतून मुठी होत्या, मला पक्कं आठवतं. डावं दार तर इतकं हलकं होतं की बोट लावलं की उघडायचं. अंबिकाबाई मध्येच लिहायच्या थांबल्या आहेत. त्यांना पडसं झालंय.

आणखी एक काम कर. दारं अंगाबरोबर ओतलीस म्हणतोस, ते मला पसंत नाही. डावं दार करवतीने काप, बारीक बिजागरी लाव. मोडलं तर दुसरं ओत, पण ते उघडलं पाहिजे. मग येत्या रविवारी महाडची गाडी धर आणि मोटार घेऊन बिरवाडीला ये. मी आधीच जाऊन बसते, म्हणजे तुला दारात उभं राहून काय बोलावं हा प्रश्न पडायचा नाही. बोलायला मी आहे.

तिला उठून बसवत नाही. मोटार तिच्या हाताजवळ ठेव. ती तुझ्याकडे न बघता आधी त्या दाराला हात लावेल, त्याचा राग धरू नको. काही विचारू नको. आतून मूठ फिरवून दार उघडून दाखव म्हणाली, तर दाखव. पुन्हा म्हणाली तर पुन्हा दाखव. ती म्हणेल तितक्या वेळा उघड, हैबती. कंटाळू नको.

वाट बघणाऱ्या दोघी आहोत, तेवढी माया घेऊन ये.

तुझी आजी रंगूबाई