फळीवरचं पाकीट

सुरत. शनिवार, संध्याकाळ.

कामावरून आलो तवर गावाकडनं, वरव्याहून बायकोचा, सुरेखाचा फोन. दिवस गेलेत म्हणाली. पोरगी अजून वर्षाची न्हाई.

तिच्या शेजारी दवाखान्याची आशाताई व्हती. फोन घिऊन म्हणाली, "भाऊ, गोळी म्हंजी काय पाव्हण्याचा चहा हाय, तुमी आला की करायचा? रोज खाल्ली तरच गर्भ ऱ्हात न्हाई. गोळीनं डोकं दुखत व्हतं तर मला इचारायचं, दुसरं काही बघितलं असतं."

सुरेखा रोज खातच व्हती. मागं सुरतला निघताना म्याच म्हनलो, मी घरी न्हाई तर कशाला डोकं दुखवून घेतीस? गोळ्यांचं पाकीट म्याच फळीवर ठेवलं. जत्रंला गावी गेलो तवा म्याच खाली काढलं.

"आता काय करायचं?" सुरेखानं इचारलं.

"जेवलीस का?" म्हनलो. ती रडाय लागली. मला निसतं ते पाकीट दिसतंय, फळीवरचं.