खूण नसलेली बंदूक

४ फेब्रुवारी

कागलच्या उदयसिंहांनी बंदूक आणून दिली. जुनी, ठासणीची — तोंडातून दारू-गोळी ठासायची. नाव नाही, गाव नाही, कुठं शिक्का नाही. संग्रहालयाला द्यायचीय, पाटीवर कारागिराचं नाव पाहिजे. "विलायतीच हाय ओ मिस्त्री. आजोबांनी हिनंच वाघ मारला. तुम्ही फक्त कंपनी हुडका."

चंदना दारातच म्हणाली, आपल्या जैनांच्या घरात कांदा शिजत नाही आणि तुम्ही बंदूक घरात घेताय? बायकोचं बरोबर आहे. बंदूक मागच्या शेडमध्ये ठेवली.

५ फेब्रुवारी

उघडली. चाळीस वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ चालवली मी, पण हिचा एकेक भाग भिंगाखाली धरून बघत बसलो.

एक स्क्रू दुसऱ्याच्या जागी बसत नाही. आटे हातानं पाडलेत. कंपनीचा माल असा नसतो. नळीच्या आत सात पीळदार खाचा, सातही सारख्या — मशीन नसताना! विलायती कसली, इथल्याच कुणा लोहाराचं काम. काय हात असेल त्याचा. हेवा वाटला, खोटं कशाला लिहू.

६ फेब्रुवारी

दिवसभर बंदूकच. सूर्यास्ताआधी जेवायचं राहिलं. चंदना चिडली.

९ फेब्रुवारी

पेठ वडगावात बंदुका करणाऱ्या लोहारांचं एक घर आहे असं कळलं, म्हणून गेलतो. चिमणाबाई, ऐंशीच्या पुढच्या. बंदुकीचे फोटो बघून आतनं एक लाकडी रूळ घेऊन आल्या. रुळावर सात पीळ. त्याला पातं लावून नळीतनं ओढलं की तशीच पीळदार खाच पडते. नळीतल्या खाचांचं माप नेलं होतं, त्याच्याशी ताडून बघितलं. अगदी जुळतं!

"माझ्या सासऱ्याचा आजा, केरबा. त्याची हाय ही. बिचाऱ्याचं नाव कुठंच न्हाय ओ पावणं. पाटीवर घालाल न्हवं?"

मग हिच्यावर खूण का नाही, विचारलं.

"आमच्यात बार उडवून बघितल्याबिगर खूण घालत न्हाईत. हिला का न्हाय, देवाला म्हाईत. साथीत गेला त्यो, तरणाच."

घालतो म्हणालो. शब्द देऊन बसलोय.

१० फेब्रुवारी

उदयसिंह ऐकेनात. "रूळ काय, कुणाचाबी असंल. खूण दाखवा, संग्रहालयाच्या फॉर्मावर सही करतो. न्हाईतर 'कारागीर अज्ञात' लिव्हा." डोकंच फिरलं माझं. इतकं देखणं काम आणि अज्ञात?

११ फेब्रुवारी

संग्रहालयाच्या फॉर्मात नळीची आतली लांबी मागितलीय. लाकडी गज घातला. नळीच्या बुडाच्या चार बोटं अलीकडंच थांबला. बाहेर काढला तर टोकाला काळी पूड आणि चिंधीचा धागा. मग घोडा आपटून ठिणगी पडते तिथलं लोखंड भिंगानं बघितलं. कोरं. जळाल्याचा एक डाग नाही.

बार आतच आहे. केरबानं तपासायला ठासलेला, पहिलाच; उडवायच्या आधीच साथीत गेला. बंदूक कधी उडालीच नाही, म्हणून खूण नाही. वाघही नाही.

आधी पोलिसांना फोन. मग उदयसिंहांना. चिमणाबाईंना मात्र स्वतः जाऊन सांगणार.