गुणी बाळ

ता. ३ मे
ती. ताईस, सा. न.

तुझ्या भाच्याचं कौतुक ऐक! रडून घर डोक्यावर घेणारं कार्टं या आठवड्यात अगदी गुणी झालंय. रडतो तेही मांजराच्या पिल्लाएवढं. पेपर वाचता वाचता बाबांच्या पापण्या मिटतात ना, तशाच याच्या. दूध ओढायचा मात्र कंटाळा, आणि शी तर कितीतरी दिवसांत नाही. सासूबाई म्हणतात, असं शांत बाळ नशिबानं मिळतं. मी चक्क दुपारी झोपते! तू मुलांची डॉक्टर, पण तुझ्यासाठी काही कामच नाही बघ.

उत्तर धाड, नाहीतर कट्टी.
तुझी छोटी

ता. ६ मे
चि. छोटीस, अ. आ.

मघाशी फोनवर 'आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने' म्हणून ओरडले, राग धरू नकोस. मला वॉर्ड सोडता येत नाही, म्हणून तुझ्या भाऊजींच्या हाती हे देतेय. पत्रात 'गुणी' वाचलं आणि लगेच फोन लावला. अगं, त्याच्यात रडायचं बळ उरलं नाहीये. शी अडली, पापण्या पडल्या, चोखणं मंदावलं, त्यात मान लुळी पडल्याचं तू आज सांगितलंस. मला बोट्युलिझमची शंका आहे. जंतू आतड्यात वाढतात आणि त्यांच्या विषानं स्नायू ढिले पडतात. श्वासाचेही पडू शकतात, म्हणून घाई. शी तपासायला पाठवतील, पण निकालासाठी औषध अडवू नका, असं तिथल्या डॉक्टरांशी बोललेय. हे जंतू मधातूनही येतात, म्हणून कुणी मध चाटवला होता का, तेवढं विचार.

धीर सोडू नकोस, माझं लक्ष तिथेच आहे.
ताई

ता. ९ मे
ती. ताईस, सा. न.

शंका तिथल्या डॉक्टरांनाही पटली. सगळं घर एका शीच्या वाटेकडे डोळे लावून बसलं होतं! शेवटी नर्सबाईंनी पाणी सोडून काढली. प्रतिविष त्याआधीच दिलं. मधाचं विचारलं तर सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मधाचं बोटही लावलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, हे धुळीतूनही होतं, बहुतेकदा कळतच नाही. मी माफी मागितली. त्या इथून हलत नाहीत. श्वासाचं यंत्र शेजारी ठेवलंय. ताई, मला फार भीती वाटते गं.

लिहीत राहा, तेवढाच आधार.
छोटी

ता. ११ जून
ती. ताईस, सा. न.

निकालात तुझीच शंका खरी ठरली. यंत्र लागलं नाही, आणि आम्ही घरी आलो! मान अजून डुगडुगते, पण दूध ओढतो. काल तर असं भोकाड पसरलं की वरच्या मजल्यावरच्या बाई तक्रार घेऊन दारात. मला वाटलं, आता भांडण जुंपणार. सासूबाईंनी त्यांना हाताला धरून आत आणलं, खुर्ची दिली आणि म्हणाल्या, बसा, नीट ऐका.

माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझी छोटी