वारा चोरीला गेलेलं राज्य

आत्ती, तू ती गोष्ट अर्धवट टाकून गेलीस, याचा मला आजही राग येतो. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे आणि रोज विचारते, पुढं काय झालं? मला काय माहीत!

आई-बाबा गेले तेव्हा मी सात वर्षांची होते. तू मला तुझ्या गावी, तिथल्या भवानी पेठेतल्या तुझ्या खोलीत आणलंस आणि दुसऱ्याच दिवशी, मांडीवर सूप घेऊन विड्या वळता वळता, ती गोष्ट सुरू केलीस. एका राज्यातला वारा चोरीला गेलाय. झाडाचं पान हलत नाही, पक्ष्यांना उडता येत नाही. तो परत आणायचा एका पोरक्या मुलीनं, लंगड्या घोडीवर बसून, डोंगरापलीकडून. मी कानांत प्राण आणून ऐकायचे. आणि तू? राक्षस समोर उभा, तलवार उपसलेली, आणि तुझी ती शूर मुलगी आधी दोडक्याची भाजी संपवणार! केसांना तेल लावून घेणार! पाढे म्हटल्याशिवाय घोडी जागची हलायची नाही. अकरा वर्षं ती डोंगराच्या अलीकडंच. नुसता वैताग.

बारावीनंतर मला पुण्याला नर्सिंगला प्रवेश मिळाला, तो दिवस आठवतो. तू विडीची पानं कातरते आहेस, मान वर करत नाहीस.

"डोंगर वलांडायचं तिचं वय न्हाय झालं अजून," तू म्हणतेस.

"आत्ती, मी अठराची झाले."

"मी तुझं कुटं म्हणतीय? तिचं म्हणतीय की."

"मग मीच सांगते. ती गेली, वारा घेऊन आली. संपली गोष्ट."

"लई शाणी. अशी संपत न्हाय ती."

तरी माझी बॅग तूच भरलीस.

दुसऱ्या वर्षी एका दुपारी तुझा फोन आला. "शेवट सांगते, ऐक," म्हणालीस, आणि सुरुवात केलीस थेट पहिल्यापासून, एक होतं राज्य! दोन वाक्यांत सांगता येत नव्हतं तुला? मी म्हटलं, "आत्ती, वॉर्डात ड्युटी आहे, नंतर कर." "बरं," म्हणालीस. त्याच आठवड्यात तू गेलीस.

मुलीला मी आजवर चार शेवट रचून सांगितले. "हा खरा नाहीये," म्हणते, आणि बरोबरच म्हणते. हे पत्र कुणाच्या हाती पडणार नाही, म्हणून लिहिते. त्या दुपारी माझी ड्युटी नव्हती. मैत्रिणींबरोबर कॅन्टीनमध्ये चहा पीत बसले होते.