पांढरा उपास

वोनोगिरी, मंगळवार, सोळा तारीख

लाडक्या लासमी,

आईचा हात तुझ्या डोक्यावर. मी बरी, शेळी बरी, छप्पर गळायचं थांबलं. शेजारची यांती उद्या हाँगकाँगला परत निघतेय, तिच्याच हाती हे पत्र आणि सोयाबीनच्या टेम्पेच्या तळलेल्या चकत्या देते. तू सांभाळतेस त्या मालकिणीच्या म्हातारीपासून लपव, मागच्या खेपेला तिनेच फस्त केल्या म्हणालीस.

तुझ्या लेकीचं, आपल्या वेनिंगचं लग्न ठरल्यापासून माझे पाय जमिनीवर ठरत नाहीत बघ! नवरी सजवणारी तुमिनीबाई येऊन तिच्या गालावरून हात फिरवून गेली. म्हणाली, "पांढरा उपास नीट कर, मांडवात आईसुद्धा ओळखणार नाही तुला." झालं! पोरगी नुसत्या पांढऱ्या भातावर आणि पाण्यावर. मीठ नाही, अंडं नाही, पाला नाही. तूही केला होतास, कशी उजळली होतीस! पण तू तीन दिवस केलास. हिचा महिना होत आला. लग्नाची केबाया चोळी कमरेत बसत नाही म्हणून सोडतच नाही.

लग्नाआधी दवाखान्यात तपासणी लागते ना, तिथे गेलो होतो. रेत्नो नर्सने तिच्या दंडाला मापाची पट्टी लावली. दंड कमी भरला. मी म्हटलं, "आमच्यात सगळ्यांचे हातपाय बगळ्याचेच." ती हसली नाही. तिने कमर मापली, दाब बघितला, रक्त घेतलं. दोन दिवसांनी बोलावून म्हणाली, "आजी, पोरीचे हात सुकलेत आणि चरबी सगळी पोटावर. रक्तातसुद्धा. नुसत्या भाताने ती वाढते. या वयात एवढा दाब? घरात कुणाला हृदयाचं दुखणं?"

"छे! हिचा बाप तेवढा छातीत वारा बसून गेला."

"किती वयाचा?"

"चौतीस."

तिने पेन खाली ठेवलं. "छातीत बसून माणूस नेतो तो वारा नसतो, आजी. ते हृदयच."

वेनिंग शेजारीच होती, सगळं ऐकत.

काल नारळ खवता खवता ती मटकन खाली बसली. "आजी, छातीवर कुणीतरी बसलंय गं." वारा निघावा म्हणून मी सवयीने तेल आणि नाणं घेऊन तिची पाठ खरवडायला बसले. लाल रेघा उठल्या आणि माझा हात थांबला. तुझा सुपारनो गेला तेव्हा त्याची पाठ अश्शीच लाल होती.

थोड्या वेळाने छातीवरचं ओझं उतरलं. मी अंडं उकडलं, पालक केला. तर पोरगी ताट सरकवून म्हणते, "उपास मोडून सासूपुढे म्हैस होऊन जाऊ का?" रेत्नोने मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिलीय, छातीची तपासणी लगेच करा म्हणून. तर म्हणते, लग्नानंतर जाईन. मी रागावले, रडले, तुमिनीबाईला घरात घेतलं नाही. ऐकत नाही. बापासारखी हट्टी, आणि आता मला त्याच्यासारखी आणखी काय काय आहे तेच दिसतं.

यांती म्हणाली, फोन लावून देते. पण तुझा आवाज आला की मला हसून सगळं छान सांगायची खोड आहे. कागदावर हसता येत नाही.

पत्र मिळताच वेनिंगला फोन कर, दवाखान्यात जा म्हणून सांग, आणि लग्नासाठी मागितलेली रजा आत्ताच घे. मांडव पुढे ढकलता येतो. मालकीण नाही म्हणाली तरी ये.

तुझी भ्यालेली
आई