सोलां आणि आमसुले

बाई, तुमच्यावर रागवायला मला जवळजवळ साठ वर्षं लागली. तुमच्या अंत्ययात्रेत मी मागे मागे चालत होतो आणि तुम्ही चालीवर शिकवलेल्या कविता मनात एकामागून एक म्हणत होतो. तेव्हा राग नव्हता. तो आला गेल्या आठवड्यात, बोरीवलीच्या आमच्या घरी, दुपारचा चहा पिताना.

माझी नात विद्यापीठात ई-कॉमर्स शिकते. तुमच्या वेळी हा विषय नव्हता म्हणून सांगतो, अर्धं कॉम्प्युटर आणि अर्धा धंदा. सकाळी ती वेबसाइट बांधायला शिकते, दुपारी गिऱ्हाईक कशाने थांबतं आणि कशाने निघून जातं ते शिकते. या सत्रात प्रत्येकाने इंटरनेटवर एक खरं दुकान चालवून दाखवायचं आहे. तिने आमच्या गावच्या बायकांनी केलेला माल घेतला: कोकमाची सुकवलेली सालं, कुळथाचं पीठ, आंबापोळी. दुकान दिसायला झकास, पण माल हलेना. तिच्या मॅडम म्हणाल्या, तुझं वर्णन मेलेलं आहे, शुक्रवारपर्यंत जिवंत कर, नाहीतर हा पेपर राहील. मग ती लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर येऊन बसली.

"आबा, तुला एवढ्या कविता येतात. कोकमावर चार ओळी लिहून दे ना."

"मी जाहिराती लिहीत नाही."

"जाहिरात नाही रे, वर्णन."

"एकच ते. बाजार बाजाराच्या जागी, कविता कवितेच्या जागी. दोन्ही एकत्र करू नये."

तिने चहाचा कप खाली ठेवला. "माझी अख्खी डिग्रीच दोन्ही एकत्र करायची आहे," ती म्हणाली. "आणि हे तुझं बोलणं नाही वाटत. कोणाचं आहे?"

तुमचं आहे, बाई. घाटकोपरच्या आपल्या शाळेतलं, सातवीच्या वर्गातलं. खिडकीतून लांबवर मिठागरांचे पांढरे ढीग दिसायचे आणि तुम्ही डोळे मिटून कविता म्हणायचात. तेव्हा वर्गातली खोडकर मुलंसुद्धा बाकावर ठेका धरायची. शब्दाला हात लावण्याआधी हात धुवावेत, असं तुम्ही म्हणायचात. मी खरंच धुवायचो. त्या वर्गासारखा आनंद मला पुढे कुठे मिळाला नाही, म्हणून तर आज एवढी चीड येते. परका कोणी बोलला असता तर मी विसरलो असतो.

तुम्ही निबंध दिला होता, 'माझी आवडती कविता'. सगळ्यांनी पुस्तकातल्या उतरवल्या. मी माझ्या बाबांची लिहिली. बाबा आठवडाभर साकीनाक्याच्या एका कारखान्यात लेथवर उभे असायचे आणि रविवारी गावाहून आलेला माल दोन पिशव्यांत भरून मुलुंडच्या इमारतींमधून विकायचे. मी बरोबर जायचो. जिन्याखाली उभं राहून ते मान वर करायचे आणि आरोळी द्यायचे:

सोलां घेवा गे सोलां,
सात दिस उन्हात, सात दिस रसात,
एक घातलास तर घो खूश,

आणि चौथी ओळ. गॅलऱ्यांतून बायका वाकायच्या, हसायच्या, "अहो, पुन्हा म्हणा ना," म्हणायच्या. बाबांना दोनदा सांगावं लागायचं नाही. सोलां म्हणजे आमसुलं आणि घो म्हणजे नवरा, हे मी निबंधात खाली समजावून लिहिलं होतं. कोकमाची सालं सात वेळा त्याच्याच रसात भिजवून सुकवावी लागतात, तेव्हा त्यांना तो काळा-जांभळा रंग येतो, हेही लिहिलं होतं. ही कविता मला आवडते कारण ती ऐकली की तोंडाला पाणी सुटतं, असा शेवट केला होता. बारा वर्षांच्या मुलाने कवितेबद्दल याहून चांगलं काय लिहायला हवं होतं, सांगा.

तुम्ही ती वर्गात मोठ्याने वाचलीत. 'घो'ला सगळे फुटले. तुम्ही हसला नाहीत. वहीच्या पानावर पिशवीतल्या सोलांचा एक जांभळा डाग पडला होता, त्याच्याभोवतीसुद्धा तुम्ही लाल गोल केलात. 'सोलां' खोडून 'आमसुले' लिहिलंत. खाली शेरा, 'ही कविता नव्हे, जाहिरात आहे.' आणि तोंडाने ते दुसरं वाक्य, बाजार बाजाराच्या जागी. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला बोलावून एक जाड पुठ्ठ्याची नवी वही दिलीत आणि म्हणालात, "यात खऱ्या कविता उतरव." मी मान डोलावली. निबंधाचं ते पान मी आदल्याच दिवशी फाडून टाकलं होतं.

पुढच्या रविवारी मी मुलुंडला गेलो नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तुमचा शेरा बाबांच्या कानावर गेला. ते एवढंच म्हणाले, "बाई म्हनतत तर बरोबरच असतला. शिकलेली मानसां ती." आणि त्यांनी आरोळी सोडून दिली. नुसतं "आमसुले घ्या, आमसुले" म्हणत फिरायला लागले. एका रविवारी परत आले ते हसत हसत सांगत होते की, दुसऱ्या मजल्यावरच्या एका बाईने विचारलं, "ते सोलांवाले हल्ली दिसत नाहीत. तुम्ही त्यांचे भाऊ का?" बाबांनी तिला "होय" म्हणून सांगितलं. आई हसली. मी तुमच्या वहीत कविता उतरवत बसलो होतो, मीही हसलो.

लोकांना वाटतं मास्तर मारतात तेव्हा लागतं. तुम्ही कधी हात उचलला नाहीत. तुम्ही एका माणसाच्या तोंडातला शब्द काढून घेतलात, ज्याला तुम्ही कधी पाहिलंही नव्हतं. कशासाठी? त्याला काही विकायचं होतं म्हणून? त्याला यमक कळत होतं, ताल कळत होता, मान वर करून कोणाशी बोलायचं ते कळत होतं. आणि ती सालं कशी होतात हे त्याने एका ओळीत सांगितलं, जे माझ्या नातीला दोन पानांत जमलं नाही. आणि मी काय झालो? अंधेरीच्या एका छापखान्यात मुद्रितशोधक. चौतीस वर्षं हातात लाल पेन घेऊन मी लोकांचे शब्द खोडले. कोणाचं 'व्हतं' सोडलं नाही, कोणाचं 'गेलता' सोडलं नाही. संध्याकाळी घरी येऊन तुमच्या वहीतल्या कविता म्हणायचो आणि समजायचो की आपण भाषेची सेवा करतो.

नातीने मला लॅपटॉपवर एक यादी दाखवली. तिच्या दुकानात शिरलेल्या लोकांनी शोधायच्या चौकटीत काय काय लिहिलं, ते सगळं त्यात उमटतं. "हे बघ आबा, मॅडम म्हणतात गिऱ्हाईक ज्या शब्दाने शोधतं तो शब्द पानावर पाहिजे. मी आमसूल लिहिलंय, कोकम लिहिलंय. पण हे लोक हे काय शोधतायत?" मी चष्मा पुसून वाचलं. सोलां. खाली पुन्हा, सोलां. कोणी इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, पण शब्द तोच. आणि प्रत्येक वेळी दुकानाने एकच उत्तर दिलं होतं: 'काही सापडले नाही.'

मी त्या तीन शब्दांकडे बघत होतो. खोडायला हातात काही नव्हतं. मग मी तिला सगळं सांगितलं आणि बाबांची आरोळी लिहायला सांगितली. तिने तीन ओळी टाइप केल्या आणि थांबली. "पुढे?"

पुढे काही येईना, बाई. 'दोन घातलास तर सासू', इथपर्यंत येतं. सासू काय करते ते आठवत नाही. त्या ओळीला बायका सगळ्यात जास्त हसायच्या, एवढं आठवतं. तुमच्या वर्गातल्या सगळ्या कविता मला आजही पाठ आहेत, कुठल्या ओळीवर तुम्ही श्वास घ्यायचात त्यासकट. माझ्या बापाची एक ओळ राहिली नाही. चार दिवस मी घरात पुटपुटत फिरलो. कदाचित सासू गप्प बसत असेल, कदाचित माहेरी धाडत असेल. मी एक जुळवूनही पाहिली. तिला चव नव्हती, म्हणून दिली नाही.

शुक्रवारी तिने तीन ओळी आणि पुढे टिंबं, असंच पान दाखवलं. मॅडमनी ते वर्गात मोठ्याने वाचलं. 'घो'ला मुलं हसली. मॅडमही हसल्या, आणि त्यांनी विचारलं, "चौथी ओळ कुठाय?" नातीने सांगितलं, "ती आमच्या घरात हरवली." तिचा पेपर सुटला. आता कोणी सोलां लिहिलं की माल सापडतो. घरी आल्यावर तिने मला विचारलं, "पण आबा, तुझ्या बाई पणजोबांना भेटल्याच नव्हत्या ना? मग पणजोबांना ते कळलं कसं?" मी तिला म्हटलं, कळलं कुठूनतरी.

हे मी तुम्ही दिलेल्या वहीच्या उरलेल्या कोऱ्या पानांवर लिहितोय, म्हणजे ते कुठे जायचं नाही. आता परत वाचताना एक वाक्य खटकलं. 'तुमचा शेरा बाबांच्या कानावर गेला.' शुद्ध आहे, पण खरं नाही. तुम्ही एक शेरा लिहून थांबला होतात. घरी जाऊन बापाला सांग, असं तुम्ही म्हणाला नव्हतात. आई चुलीशी भाकरी थापत होती, बाबा कामावरून येऊन पाटावर बसले होते आणि मी समोर उभा होतो. मी सांगितलं, म्हणा, आमसुले. ते म्हणाले, आमसुलां. मी म्हटलं, चुकलं, पुन्हा. तुमच्यासारखा आवाज काढून म्हटलं. आणि ते ताटावरचा हात थांबवून, माझ्या तोंडाकडे बघत, पुन्हा म्हणत होते.