ज्यांच्या घरात कॅमेरा गेला

प्रिय अक्का,

फोनवर तू "बोल ना गं" म्हणतेस, मी "हं" म्हणते आणि फोन आईकडे देते. म्हणून लिहितेय. शाळा सोडल्यापासून एवढं सलग काही लिहिलं नाही, चुका काढू नकोस.

पुण्यात तुझ्या एडिटिंगच्या खोलीला खिडकीच नाही, असं आई सांगत होती. इथं बनशंकरीत आम्ही मंडळाच्या हॉलच्या खिडक्यांना काळे पडदे लावतोय. शनिवारपासून फेस्टिव्हल आहे. तू सुरू केलंस तेव्हा सगळे सिनेमे आपल्याच ओळखीतल्या पोरांचे होते. आता कन्नड, तुळू, कोंकणी, दखनी, सगळीकडून येतात. तू गेल्यापासून फेस्टिव्हल सांभाळणारा शुभंकरदादा इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या ऑफिसातनं निघाला की बसमधूनच फोनवर ओरडायला लागतो, खुर्च्या आल्या का, प्रोजेक्टर आला का. आणि नवीन लोकांना धीर द्यायचं काम माझ्याकडे आहे. हसू नकोस. मेसेजवर देते. मेसेजवर मला बोलता येतं.

यल्लव्वा म्हणून एक आहे, शिलाईच्या फॅक्टरीत काम करते. तिनं हॉस्टेलच्या खोलीतल्या मैत्रिणींवर मोबाईलवर सिनेमा केलाय. मध्येच म्हणाली, नको, तिथं शिकलेली माणसं येणार, मला हसतील. मी लिहिलं, तुझा सिनेमा जिनं निवडला ती दहावीनंतर घरीच बसलीय. तेव्हा कुठे तयार झाली. आता मला मॅडम म्हणते, अक्का! मला!

तुझा नियम अजून आहे. ज्यांच्या घरात कॅमेरा गेला, ज्यांचं नाव आलं, त्या सगळ्यांनी सिनेमा आधी बघायचा. एकानं जरी नको म्हटलं तरी तो लागत नाही. यल्लव्वाची एक मैत्रीण हुबळीकडे गावी गेली होती, तर ही रात्रभर बसनं जाऊन तिला दाखवून आली. या वर्षी बाकी सगळ्यांचं झालं. एकच सिनेमा अडकलाय. माझा.

हो, मी केलाय. आठ मिनिटांचा आहे. आई जेवायला बोलावते, एवढंच आहे त्यात. स्वयंपाकघरातनं हाक मारते, "भार्गवी-वसू, पानं वाढलीत!" तू जाऊन तीन वर्षं झाली, तरी तिच्या तोंडात आपली नावं सुटी होत नाहीत. मग मी एकटीच येते. आप्पा खाली बघून ताटाभोवती पाणी फिरवतात. फळीवर मोबाईल ठेवून मी हे बरेच दिवस घेत होते.

फेस्टिव्हलला पाठवल्यावर गंमतच झाली. मराठी सिनेमांची यादी करणाऱ्या शुभंकरदादाच्या पुण्याच्या मैत्रिणीनं तो कन्नडमध्ये टाकला. तिकडून कन्नडची यादी करणाऱ्या रविकिरण सरांनी परत पाठवला, हे तर मराठी आहे की! बिचारा कुठल्याच यादीत नव्हता. शेवटी दादानं मला विचारलं, वसू, ही भाषा कुठली? मी म्हटलं, आमच्या घरची. आता सिनेमातल्या आईसारखंच "स्वल्प घे की, थोडंसं" म्हणत तो सगळ्यांना चहा देत फिरतो.

सिनेमा जोडताना तुझी फार आठवण आली गं. एका इयरफोनचं एक टोक तुझ्या कानात, एक माझ्या, असं बसून तू मला कापायला शिकवलंस. आता दोन्ही कानांत ऐकू येतं, ते मला नकोसं वाटतं. दुकानात, बसमध्ये, बाईंसमोर, माझ्या वाटचं तूच बोलायचीस. मी शाळेत जायची थांबले तेव्हा आप्पांसमोर तूच उभी राहिलीस. आणि ते तुला म्हणाले, सिनेमाच करायचा तर या घरात नको, तेव्हा मी तिथंच होते. माझ्या तोंडून एक शब्द निघाला नाही. तुझी बॅग मात्र मीच दारापर्यंत नेली. खूप जड होती.

आईनं बघितला. म्हणाली, मी एवढ्या मोठ्यानं ओरडते होय गं? मग डोळे पुसून म्हणाली, लागू दे. राहिले आप्पा. रविवारी पूजा झाल्यावर मी लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला. आधी उभ्यानंच बघत होते, मग बसले. संपल्यावर म्हणाले, "त्या दिवशी सारात मीठ नव्हतं." मग म्हणाले, "अजून कोण राहिलंय बघायचं?" या तीन वर्षांत त्यांच्यासमोर तुला हाक मारल्यासारखं पहिल्यांदाच बोलले मी, "अक्का." लिंक पाठवते म्हटलं. "सरी, बरं," म्हणाले, चपला घालून बाहेर गेले, आणि फाटकातनं परत आले. "लिंकबिंक नको. तिला म्हणावं, इथं येऊन बघ." एवढं बोलून गेले ते दुपारी जेवायलाच आले. म्हणून हे पत्र. लिंक एका मिनिटात पाठवता येईल, पण मी पाठवणार नाही. शनिवारच्या आत ये. आणि नको म्हणायचं असेल, तरी इथं येऊन, आमच्याकडे बघून म्हण.

तुझीच,
वसू